‘मादुरा’ ठशाचा कलश : सुझान रामिए आणि कर्तृत्वाचा प्रश्न

मातीचे पात्र हाती आले की अभ्यासक ते आधी उपडे करतो. चित्राची सही दर्शनी भागावर असते. पात्राची ओळख त्याच्या बुडाशी असते. दक्षिण फ्रान्समधील व्हालोरिस या गावी १९४० ते १९६० च्या दरम्यान घडलेले अनेक कलश असे उपडे केले असता एकच ठसा आढळतो : ‘मादुरा’. काहींवर त्याला जोडून ‘प्लँ फ्यो’, म्हणजे ‘पूर्ण आच’, हे शब्द असतात. काहींवर आणखी एक ओळ असते : ‘एदिसियाँ पिकासो’. पहिल्या प्रकारचे कलश ‘सुझान रामिए’ या नावाने आज संग्राहकांना परिचित आहेत, परंतु ते नाव सहसा पात्रावर नसते. दुसऱ्या प्रकारचे कलश पिकासो यांचे म्हणून जगभर ओळखले जातात. त्यांपैकी अनेकांचा आकार मात्र पिकासो यांनी योजलेला नाही.

एकाच कार्यशाळेत, एकाच मातीतून व एकाच भट्टीत तयार झालेल्या या दोन वर्गांना कलेतिहासाने दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवले. एक ‘कला’ झाली, दुसरी ‘कारागिरी’. प्रस्तुत लेखात या विभागणीची तपासणी सुझान रामिए यांच्या कलशांच्या आधारे केली आहे. येथे ‘कलश’ हा शब्द फुलदाणीसारख्या उभ्या, गळा असलेल्या पात्रासाठी योजला आहे. यांतील कित्येक पात्रांत फूल ठेवण्याचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही.

व्हालोरिस : स्वयंपाकघराची भांडी आणि त्यांचा ऱ्हास

व्हालोरिस हे भूमध्य समुद्राजवळचे, कान आणि आँतीब या शहरांच्या मधले गाव. मध्ययुगाच्या अखेरीस युद्धे व साथी यांमुळे ते ओस पडले होते. १५०६ मध्ये लेरँस येथील मठाने, ज्याच्या ताब्यात ही जमीन होती, जेनोआच्या परिसरातील सुमारे ७० कुटुंबे आणून गाव पुन्हा वसवले. त्यांत कुंभार होते. आसपासची माती लोहयुक्त व आच सहन करणारी असल्याने रस्सा शिजवण्याची भांडी हा या गावाचा मुख्य व्यवसाय बनला. ‘पिन्यात’ नावाचे फुगीर पोटाचे, कानांचे भांडे हे त्याचे प्रातिनिधिक उदाहरण होय. बाहेरून ते कोरडे, मातीच्या रंगाचे. आतून शिशाच्या खनिजापासून केलेल्या झिलईने चकचकीत. मंद आचेवर तासन्‌तास ठेवले तरी तडकणार नाही, ही त्याची ख्याती. जवळच्या गोल्फ-जुआँ बंदरातून ही भांडी गलबतांनी दूरवर जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मासिए घराण्याने, विशेषतः क्लेमाँ मासिए (१८४४–१९१७) यांनी, धातूसारखी झळाळी असणाऱ्या झिलईची शोभापात्रे करून गावाला वेगळी कीर्ती दिली. तरीही बहुसंख्य कुंभारांचे पोट पिन्यातवरच चालत होते.

विसाव्या शतकात बिडाच्या व पुढे अॅल्युमिनियमच्या भांड्यांनी ही बाजारपेठ खाल्ली. हलके, न फुटणारे, स्वस्त भांडे उपलब्ध झाल्यावर आजीच्या पिन्यातची चव सांगणारे लोक राहिले, ते विकत घेणारे कमी झाले. १९३० च्या दशकात एकामागून एक भट्ट्या थंड होत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाल्याने मातीच्या भांड्यांना पुन्हा थोडी मागणी आली, पण ती युद्धापुरतीच टिकली.

नव्याने आलेल्या कलावंतांची या काळातील भूमिका समजून घेताना ही पार्श्वभूमी दृष्टिआड होता कामा नये. ‘पिकासो यांनी व्हालोरिसला जीवदान दिले’ असे विधान सर्रास केले जाते. त्यात तथ्य आहे. तथापि पिकासो येण्यापूर्वी आठ वर्षे एका स्त्रीने येथे चाक सुरू केले होते, ही गोष्ट त्या विधानात बसत नाही.

मादुरा : नावाची घडण

सुझान दूली यांचा जन्म १९०५ चा. ल्यों येथील ललितकला विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. ल्यों हे रेशमाचे शहर. तेथील कलाशिक्षणात आकृतिबंधाला व पृष्ठभागाच्या सजावटीला मोठे स्थान होते. पती जॉर्ज रामिए यांच्यासह दक्षिणेत आल्यानंतर त्यांनी व्हालोरिस येथे स्थानिक परंपरेतील कुंभारकाम शिकून घेतले आणि १९३८ मध्ये उभयतांनी स्वतःची कार्यशाळा स्थापन केली. ‘मादुरा’ हे नाव ‘मेझाँ’ (घर, पेढी), ‘दूली’ आणि ‘रामिए’ या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून जुळवलेले आहे. पत्नीचे माहेरचे नाव पतीच्या नावाआधी येते, हे त्या काळाच्या मानाने नोंद घेण्याजोगे आहे. कार्यशाळेचा व्यवहार प्रामुख्याने जॉर्ज यांनी सांभाळला. आकार, माती व झिलई हे सुझान यांचे क्षेत्र.

सुझान यांनी नवे काय केले? वरवर पाहता फारच थोडे. त्यांनी प्रोव्हाँस प्रांतातील जुनी भांडी अभ्यासली : पिन्यात, दांड्याचे तसराळे, तेलाची बुधली, पाण्याचा घडा. भूमध्य परिसरातील प्राचीन पात्रांचे आकारही त्यांच्यासमोर होते. या सर्वांतून त्यांनी उपयोग वजा केला आणि रचना ठेवली. स्वयंपाकाच्या भांड्याला कान असतो तो उचलण्यासाठी. रामिए यांच्या कलशाला कान असतो तो पोट व गळा यांच्यातील रिकामी जागा बांधून घेण्यासाठी. बुधलीची चोच तेल ओतते. त्यांच्या कलशाची चोच केवळ दिशा दाखवते. कधी एका पोटावर दोन-तीन तोंडे येतात, कधी कान कमानीसारखा वर चढून गळ्याला ओलांडतो. रंगांचा सोस नाही. पांढरी किंवा काळी, मंद चकाकीची झिलई ही त्यांची आवडती, आणि सजावट जवळजवळ नाहीच.

यात एक जोखीम होती. कुंभाराच्या हातचे दोष नक्षीखाली लपतात. सपाट काळ्या झिलईखाली ते लपत नाहीत. गळा अर्ध्या बोटाने कलला तरी नजरेला खुपतो. म्हणून असा कलश ‘साधा’ म्हणून बाजूला सारणे चुकीचे आहे. नक्षीच्या शहरात शिकलेल्या स्त्रीने नक्षी सोडून देणे हा तिच्या कलाविचारातील निर्णय होता, असे मला वाटते. त्यामागे बाजारपेठेचे भानही असावे. मासिए परंपरेची झळाळी जुनी पडली होती, तर रोजच्या भांड्याला गिऱ्हाईक उरले नव्हते. या दोहोंच्या मधली वाट रामिए यांनी शोधली.

१९४६ चा उन्हाळा

जुलै १९४६ मध्ये व्हालोरिस येथे स्थानिक उत्पादनांचे प्रदर्शन भरले होते. फुले, अत्तरे व मातीची भांडी असे त्याचे स्वरूप होते. त्या वेळी ६४ वर्षांचे असलेले पाब्लो पिकासो फ्रांस्वाझ जिलो यांच्यासह गोल्फ-जुआँ येथे राहात होते. ते प्रदर्शनाला आले, त्यांची रामिए दांपत्याशी ओळख झाली आणि मादुरात येऊन त्यांनी मातीच्या दोन-तीन लहान आकृती घडवल्या. वर्षभराने, १९४७ च्या उन्हाळ्यात, ते पुन्हा आले तेव्हा त्या आकृती भाजून तयार होत्या आणि पिकासो यांच्याजवळ नव्या कल्पनांच्या रेखाटनांचा गठ्ठा होता. मादुरात त्यांच्यासाठी जागा मोकळी करण्यात आली. १९४८ मध्ये ते गावातच राहावयास आले आणि १९५५ पर्यंत राहिले. नोव्हेंबर १९४८ मध्ये पॅरिस येथे त्यांच्या १४९ मृत्तिकाकृतींचे प्रदर्शन झाले. पुढे ते व्हालोरिस सोडून गेले तरी मादुराशी त्यांचा संबंध १९७१ पर्यंत टिकला.

पिकासो चाकावर बसून पात्र घडवीत नसत, ही बाब फारशी सांगितली जात नाही. चाकावरचे काम ज्यूल आगार हे कसलेले कुंभार करीत. कामाची रीत साधारणपणे अशी होती. सुझान रामिए यांच्या संग्रहातील आकार, किंवा पिकासो यांनी स्वतः कागदावर रेखाटलेला आकार, आगार चाकावर उतरवीत. पात्र पूर्ण सुकण्यापूर्वी, माती वाकवता येईल पण ढासळणार नाही अशा अवस्थेत, ते पिकासो यांच्यापुढे ठेवले जाई. ते गळा दाबत, पोट मुरडत, एखादा भाग कापून दुसरीकडे बसवत. बाटलीची बघता बघता गुडघे टेकलेली स्त्री होई, घड्याचे पाखरू होई. अनेकदा मात्र ते आकाराला हातही लावत नसत. आहे त्याच कलशावर कुंचल्याने किंवा टोकदार हत्याराने काम करीत. कलशाच्या पोटाची गोलाई पाहून तेथे कटी रेखायची, दोन कानांचे दोन बाहू करायचे, गळ्यावर चेहरा. आकारात दडलेला देह ओळखण्याची ही दृष्टी असामान्य होती, यात शंका नाही.

पण जे ओळखले गेले ते तेथे आधी असावे लागते. ज्या कलशाच्या पोटात स्त्रीचे नितंब दिसू शकले, त्या पोटाची वक्ररेषा कोणीतरी आधी ठरवली होती. गळा व पोट यांचे प्रमाण, कान नेमका कोठून उगवावा, बूड किती निमुळते असावे, हे सारे निर्णय रंगाचा पहिला थेंब पडण्यापूर्वीच झालेले होते. मादुरातील ज्या कलशांवर पिकासो यांनी केवळ चित्रण केले, त्यांत मानवी देहाचा आभास देणारे अर्धे काम रामिए यांच्या आकाराने केलेले असते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. सुझान यांचा तोच आकार काळ्या झिलईत, चित्रणाविना पाहिला की हे अधिक स्पष्ट होते. तेथे देह सुचवला जातो, पण त्याला नाव दिले जात नाही. व्यक्तिशः मला तो अनामिक कलश अधिक काळ पाहावासा वाटतो. हा अर्थात रुचीचा प्रश्न आहे.

दुसरी बाब तांत्रिक आहे. तैलचित्रात रंग लावताना दिसतो तसाच बहुधा राहतो. मृत्तिकापात्रावर लावलेले ऑक्साइड भाजण्यापूर्वी वेगळे दिसते व नंतर वेगळे. तांब्याचे काळपट ऑक्साइड भट्टीत हिरवे होते, कोबाल्टचे निळे, मँगनीजचे तपकिरी-जांभळे. झिलईचा थर जाड झाला तर ओघळतो, पातळ झाला तर कोरडा राहतो. चित्रकार येथे एका अर्थाने आंधळेपणाने रंगवतो. परिणामाचे ज्ञान झिलई जाणणाऱ्याजवळ असते. पिकासो यांनी परंपरेचे नियम वाटेल तसे मोडले. भट्टीत भांडी मांडण्याची वळणदार कौले, फुटक्या पिन्यातींचे तुकडे, विटा, सारे त्यांनी रंगवले. ही मोडतोड भट्टीत टिकली, ती मोडता काय येते व काय येत नाही हे जाणणारी माणसे शेजारी उभी होती म्हणून.

आवृत्ती, प्रत आणि ठसा

मादुरातील पिकासो यांच्या कामाचा मोठा भाग एकमेव कृतींचा नाही. रामिए दांपत्याला त्यांच्या निवडक कृतींच्या आवृत्त्या काढण्याचा व विकण्याचा अधिकार मिळाला होता. १९४७ ते १९७१ या काळात अशा ६३३ कृतींच्या मर्यादित आवृत्त्या निघाल्या. एकेका आवृत्तीत २५ पासून ५०० पर्यंत प्रती असत. पद्धती दोन होत्या. पहिलीत पिकासो यांनी तयार केलेल्या मूळ आकृतीचा प्लॅस्टरचा साचा घेऊन त्यावर ओली माती दाबली जाई. अशा प्रतींवर ‘मूळ ठसा’ या अर्थाची मुद्रा असते. दुसरीत मूळ पात्राची आकारासह व चित्रणासह हुबेहूब नक्कल केली जाई. चाकावरचे पात्र चाकावर, कुंचल्याचा फटकारा कुंचल्याने, आणि दोन्ही कामे मादुरातील कारागिरांच्या हातची. पिकासो १९४४ पासून फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते आणि आपली कृती सामान्य घरात पोहोचावी अशी त्यांची इच्छा होती, असे सांगितले जाते. आवृत्त्यांच्या आरंभीच्या माफक किमती या हेतूशी सुसंगत आहेत.

आता दुसऱ्या पद्धतीने तयार झालेला एखादा मोठा कलश घ्या. आकार कार्यशाळेच्या परंपरेतून आलेला, चाकावर तो चढवला कुंभाराने, त्यावरील रेषा कारागिराने मूळ नमुन्याबरहुकूम ओढली, झिलई व भाजणी रामिए यांच्या देखरेखीखाली झाली. पिकासो यांनी त्या विशिष्ट प्रतीला स्पर्श केला असेलच असे नाही. तरीही ती कृती पिकासो यांची आहे का? माझे उत्तर होकारार्थी आहे. चित्रकल्पना त्यांची आहे आणि मुद्राचित्रांच्या बाबतीत आपण हे तत्त्व केव्हाच मान्य केले आहे. प्रश्न उरतो तो एवढाच की, हेच तत्त्व आकाराला का लावले जात नाही? मूळ रेषेच्या निर्मात्याचे नाव प्रत्येक प्रतीबरोबर प्रवास करते; मूळ आकाराच्या निर्मातीचे नाव मात्र ‘मादुरा’ या शब्दात विरघळते.

जून २०१२ मध्ये लंडन येथे क्रिस्टीज या लिलावसंस्थेने मादुराच्या स्वतःच्या संग्रहातील पाचशेहून अधिक पिकासो-आवृत्त्यांची विक्री केली. एकूण उत्पन्न ८० लाख पौंडांहून अधिक झाले, आणि नग्न स्त्रियांचे चित्रण असलेल्या १९५० च्या एका मोठ्या कलशाला ७ लाख पौंडांच्या वर किंमत आली. या कलशाच्या २५ प्रती निघाल्या होत्या. सुझान यांचे स्वतःचे कलशही लिलावात येतात. त्यांना मिळणारी रक्कम याच्या अगदी लहान अंशाएवढी असते. किंमत हे गुणवत्तेचे माप नव्हे हे सर्वांना मान्य असले, तरी कोणत्या वस्तूची सूची होते, कोणती संग्रहालयात जाते आणि कोणती कपाटात राहते, हे पुष्कळदा किंमतच ठरवते. पिकासो यांच्या आवृत्त्यांना क्रमांक देणारी सूची संग्राहकांच्या हाताशी असते. सुझान रामिए यांच्या वाट्याला गंभीर अभ्यास आला तो प्रामुख्याने १९५० च्या दशकातील फ्रेंच मृत्तिकाकलेचे पुनर्मूल्यांकन सुरू झाल्यावर; पिएर स्तोदनमेयर यांचा २००१ चा ग्रंथ हा त्यातील महत्त्वाचा टप्पा.

अन्यायकथेची मर्यादा

येथवरच्या विवेचनातून सुझान रामिए यांना एका विख्यात पुरुषाच्या सावलीत गेलेली उपेक्षित स्त्री ठरवणे सोपे आहे. ते टाळले पाहिजे. एक तर आवृत्त्यांच्या व्यवसायातून मादुराची आर्थिक स्थिती भक्कम झाली आणि सुझान यांना बाजाराची फारशी पर्वा न करता स्वतःचे काम करता आले. मार्क शागाल यांच्यासारखे अन्य चित्रकारही मादुरात येऊन गेले. रोजे काप्राँ, रोबेर पिको, झाँ देर्व्हाल यांच्यासारखे तरुण कुंभार युद्धानंतर व्हालोरिसमध्ये स्थिरावले, तेव्हा जुन्या गावात नवे काम कसे करता येते याचा दाखला त्यांच्यासमोर होता.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. स्वतःच्या नावाऐवजी कार्यशाळेचा ठसा उमटवणे ही सुझान यांच्या बाबतीत लादलेली गोष्ट होती असे मानण्यास आधार नाही. चाकावर आगार किंवा अन्य कुंभार बसत, झिलईचे मिश्रण ठरलेल्या पाठाप्रमाणे होई, भट्टी अनेकांच्या मेहनतीने पेटे. अशा पात्रावर एकाच व्यक्तीची सही करणे कदाचित त्यांना खोटेपणाचे वाटले असेल. ‘मादुरा’ हा ठसा त्या अर्थाने अधिक प्रामाणिक आहे. घोळ झाला तो ठशामुळे नव्हे, वाचणाऱ्यांमुळे. ज्या कलेतिहासाला केवळ व्यक्तिनामे वाचता येतात, त्याला सामूहिक ठसा हा रिकाम्या जागेसारखा दिसतो. पिन्यात घडवणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कुंभारांविषयी तर ही रिकामी जागा कोणाला खुपतही नाही. रामिए यांना न्याय देताना आगार यांना विसरलो, तर आपण केवळ एका नावाच्या जागी दुसरे नाव ठेवले असे होईल.

व्यवहारात यावर उपाय अवघड नाही. संग्रहालयाच्या नामफलकावर ‘आकार : सुझान रामिए, चित्रण : पाब्लो पिकासो, चाककाम व भाजणी : मादुरा कार्यशाळा’ अशा तीन ओळी सहज मावतात. मुद्रित ग्रंथात लेखक, चित्रकार व मुद्रक यांची नावे स्वतंत्रपणे देण्याची प्रथा जुनीच आहे, आणि तीमुळे लेखकाचा मान कमी झाल्याचे ऐकिवात नाही. अडचण आहे ती पुराव्याची. कोणता आकार सुझान यांचा, कोणता गावच्या परंपरेतून जसाच्या तसा आलेला आणि कोणता पिकासो यांच्या रेखाटनावरून उतरवलेला, याचा निवाडा पात्रागणिक करावा लागतो. एकाच आकाराचे चित्रविरहित व चित्रित कलश शेजारी ठेवून मोजमापे घेणे, गळ्याचा व पोटाचा छेद काढून तुलना करणे, असे हे कष्टाचे काम आहे. त्यासाठी रामिए यांचे साधे, काळे-पांढरे कलश आधी जपून ठेवले गेले पाहिजेत आणि त्यांचीही क्रमवार सूची झाली पाहिजे.

पिकासो यांचे निधन एप्रिल १९७३ मध्ये झाले, सुझान रामिए यांचे १९७४ मध्ये. त्याच १९७४ साली जॉर्ज रामिए यांनी मादुरातील अनुभवावर आधारलेला मोठा सचित्र ग्रंथ पॅरिस येथून प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता पिकासो यांची मृत्तिकाकला.